मोत्याचा हिशेब



मी काही गुरांचा डॉक्टर नाही. एस.टी.त कंडक्टर होतो. एकतीस वर्षे तिकिटे फाडली आणि २०१९ साली निवृत्त झालो. तेव्हा मी आज तुम्हांला जे सांगणार आहे, ते पुस्तकातले थोडे आणि घरातले जास्त आहे. आमच्या घरच्या कुत्र्याची ही गोष्ट आहे. कुत्र्याचे नाव मोत्या. तो म्हातारा झाला, लठ्ठ झाला, जागचा हलेनासा झाला, आणि मग पुन्हा चालू लागला. कसा चालू लागला, ते सांगतो.

तुम्ही म्हणाल, माणसांना खायला मिळत नाही, आणि हा गडी कुत्र्याच्या लठ्ठपणावर बोलतो. म्हणा. पण तुमच्यातले निम्मे लोक दाराशी कुत्रे बाळगून आहेत. रात्री मळ्यात कोणाच्या जिवावर झोपता?

मोत्या २०१२ साली आमच्या घरी आला. गावठीच कुत्रा. तासगावच्या स्टँडवर एका गाडीखाली कुईकुई करत होता. मी तिकिटाच्या पेटीशेजारी ठेवून त्याला घरी आणला. आणला मी, पण तो झाला माझ्या वडिलांचा. वडील रोज पहाटे मळ्यात जायचे. मळा घरापासून दीड किलोमीटर. मोत्या पुढे आणि वडील मागे. जायचे दीड, यायचे दीड, आणि दिवसभर द्राक्षाच्या बागेत हुंदडणे वेगळेच. दुपारी बांधावर बसून वडील भाकरी खायचे आणि त्यातला चतकोर मोत्याला द्यायचे. चतकोर म्हणजे चतकोर. त्याने कितीही शेपूट हलवली तरी जास्त नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात वडील गेले.

मळा वाट्याने दिला. मोत्याला मळ्यात नेणारे कोणी राहिले नाही. दोनतीन दिवस तो एकटाच वाटेपर्यंत जाऊन परत आला. मग जायचा थांबला. आईच्या खाटेखाली पडून राहू लागला. आईचेही बाहेर जाणे थांबले होते. ती खाटेवर, तो खाटेखाली. आईला वाटे, हा मालकाच्या आठवणीने सुकतो आहे. म्हणून ती त्याला चारू लागली. सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी. चहाबरोबर बिस्किटे. दुपारी पुन्हा काही. रात्री झोपताना वाटीभर दूध. चाल गेली आणि खाणे वाढले. दीड वर्षात मोत्याचे पिंप झाले.

आम्हांला ते दिसले नाही, हे खरे सांगतो. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. पाहुणे आले की म्हणायचे, 'कुत्रा अगदी बाळसेदार ठेवलाय!' आम्हांला बरे वाटे.

२०२२ च्या दिवाळीच्या सुमारास तो मागच्या पायाने लंगडू लागला. सकाळी उठताना पुढचे पाय टेकायचा, मागचे फरशीवर घसरायचे, आणि बसकण मारायचा. दोन पायऱ्या उतरून अंगणात लघवीला जाणे त्याला जमेना. घरात घाण होऊ लागली. तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. माझे गुडघे दुखतात, त्याची गोळी घरात असते. मी म्हटले, दुखणे ते दुखणे. दोन दिवस त्याला गुळात घालून माझी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या झाल्या आणि डांबरासारखी काळी शी झाली. तो मान उचलेना. शेजारचे एक जाणते गृहस्थ म्हणाले, 'आता त्याचे सोनं होऊ दे. लांब नेऊन सोड.' आई काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली.

मी आणि माझ्या मुलाने त्याला पोत्यात घालून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेला.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'काका, घरातले औषध काही दिले का?' मी खाली मान घालून सांगितले. त्या रागावल्या, आणि बरोबरच होते. त्या म्हणाल्या, माणसाची वेदनेची गोळी कुत्र्याला विष होऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, यांतले काहीही आपल्या मनाने द्यायचे नाही. पोटात जखमा होतात, मूत्रपिंड जाते, रक्त नासते. काळी शी म्हणजे पोटात झालेला रक्तस्राव.

जाता जाता सांगतो. याच डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडे मेली. औषध दिलेले जनावर मेले, ते गिधाडांनी खाल्ले, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केले. आम्ही लहान असताना मेलेल्या बैलावर गिधाडांची जत्रा भरायची. आमच्या नातवाने गिधाड फक्त चित्रात पाहिले आहे. एवढे मोठे पाखरू एका औषधाने नाहीसे होते, तिथे कुत्र्याचे काय!

असो. चार दिवस सलाईन आणि इंजेक्शने झाली. मोत्या वाचला. मग डॉक्टरीणबाईंनी त्याचे रक्त तपासायला पाठवले. मला वाटले, लठ्ठ आहे हे दिसते आहे, रक्त कशाला? त्यांनी समजावून सांगितले. कुत्रा जाड झाला म्हणजे नेहमी खाण्यानेच होतो असे नाही. गळ्यातली थायरॉईड नावाची ग्रंथी मंद झाली, तर कुत्रा थोडे खाऊनही फुगतो, सुस्त होतो, शेपटीचे केस जातात. दुसऱ्या एका रोगात पोट घागरीसारखे सुटते आणि कुत्रा सारखा पाणी पितो, सारखा लघवी करतो. काळीज कमजोर झाले तर पोटात पाणी साठते, आणि आपण त्याला चरबी समजतो. म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडेही बघावी लागतात, कारण त्यावर त्याचा आहार ठरतो. म्हणून आधी तपासणी, मग उपास. आमच्या मोत्याच्या रक्तात तसे काही निघाले नाही. एक्स-रेमध्ये मागच्या सांध्यांची झीज दिसली. म्हणजे आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना होतो तोच संधिवात. आणि वर ते वजन.

आता तुम्ही सगळे आपला एक हात पुढे करा. हसू नका, करा. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीवरची हाडे चाचपा. टोचतात ना? कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो उपाशी आहे. आता मूठ उघडा. तळव्याच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी चाचपा. हाड सापडायला दाबावे लागते. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो लठ्ठ. आता हात सरळ ठेवून मागच्या बाजूने चाचपा. वर पातळ कातडी, खाली लगेच हाड. असे लागले की कुत्रा बेताचा. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून हे शिकवले आणि मग मोत्याच्या कुशीवर ठेवला. मला बरगडी सापडलीच नाही. दुसरी खूण सांगितली. कुत्रा उभा असताना वरून बघायचे. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आमचा मोत्या वरून उखळासारखा दिसत होता.

वजन करायचे कसे? दवाखान्यातला काटा त्या दिवशी बिघडलेला होता. मग मी धान्याच्या दुकानात गेलो. तिथे पोती तोलायचा काटा असतो. मी एकटा उभा राहिलो. ६२ किलो. मोत्याला उचलून उभा राहिलो. ८४ किलो. वजा करा. मोत्याचे २२. त्याच्या जुन्या लसीच्या कार्डावर २०१९ सालचे वजन लिहिले होते, १६ किलो. म्हणजे सोळा किलोच्या जिवावर सहा किलो वरचे. मी माझ्यावरून हिशेब केला. माझ्या पाठीवर कोणी तेवीस किलोचे पोते बांधले आणि म्हटले, हे घेऊनच झोप, हे घेऊनच उठ, हे घेऊनच पायऱ्या उतर, तर माझे गुडघे काय म्हणतील?

बाई म्हणाल्या, 'औषधाने दुखणे कमी होईल. पण ओझे उतरवायचे काम तुमच्या घराचे आहे.' त्यांनी कुत्र्यांसाठी असलेली गोळी मोत्याच्या वजनाप्रमाणे दिली, तीही पोट बरे झाल्यावर. आणि सांगितले की तो खातो काय काय, ते सगळे लिहून आणा.

घरी विचारले तर प्रत्येकजण म्हणे, मी काही देत नाही. आई म्हणाली, 'म्या कुठं काय देते? वाईच भाकर.' सूनबाई म्हणाली, 'मामंजी, उरलेलंच तेवढं घालते मी.' नातू म्हणाला, मी तर कधीच नाही. मीही तेच म्हणालो.

मी कंडक्टर माणूस. प्रवासी म्हणतो, तिकीट काढले आहे. पण वेबिल आणि पैसे यांचा मेळ बसला पाहिजे. मी एक युक्ती केली. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एक वाटी ठेवली. मोत्याला कोणी काहीही दिले, घासभर किंवा कणभर, की वाटीत एक दाणा टाकायचा. आईने तुरीचा. सुनेने हरभऱ्याचा. नातवाने मक्याचा. मी घेवड्याचा. खोटे बोलायचे नाही, देवाची शपथ. संध्याकाळी वाटी ओतली. तुरी ६. हरभरे ५. मका ४. घेवडे ४. एकूण १९! आणि चार घेवडे माझे! मी चहा पिताना अर्धे बिस्किट खाली टाकतो, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. हात आपोआप जायचा.

तो हिशेब घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाईंनी कागदावर आकडे मांडले. अन्नात जी ताकद असते ती उष्मांकात मोजतात. सोळा किलोच्या म्हाताऱ्या, बसून असलेल्या कुत्र्याचे वजन उतरवायचे तर दिवसाला ५६० उष्मांक पुरे. आमच्या घरची ज्वारीची भाकरी मोठी असते. एकीला ८० ग्रॅम तरी पीठ लागते. म्हणजे एक भाकरी २८०. दोन भाकऱ्या झाल्या की ५६० संपले! आणि आमचा मोत्या दोन भाकऱ्या खाऊन वर म्हशीचे दूध, आठ बिस्किटे, तूप लावलेली पोळी आणि उरलासुरला भात खात होता. बेरीज बाराशेच्या वर गेली.

बिस्किटाचे तर मला फार नवल वाटले. आपल्या साध्या ग्लुकोज बिस्किटात साधारण २५ उष्मांक. आपल्याला ते काहीच नाही. पण मोत्याला एक बिस्किट म्हणजे आपल्याला साडेतीन बिस्किटे. आई त्याला चार द्यायची, म्हणजे एखाद्या माणसाने चहाबरोबर अख्खा पुडा खाल्ला तसे.

इथपर्यंत हिशेब सोपा होता. अवघड पुढेच होते. घरी येऊन मी सांगितले, आता असे असे द्यायचे. आई उठून बसली. म्हणाली, 'त्यो म्हातारा झालाय. आता किती दिस राह्यलेत त्याचं? खाऊ दे की पोटभर. उपाशी मारतोस व्हय त्याला?' आणि मग हळूच म्हणाली, 'ते असते तर त्यांनी असं केलं नसतं.'

मंडळी, यावर काय बोलणार? मी दोन दिवस गप्प बसलो. आईने तूर वाटीत टाकणे बंद केले, आणि चारणे चालूच ठेवले.

तिसऱ्या दिवशी मी आईला घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि वाद घातला नाही. एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, 'आजी, अमेरिकेत लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर एक प्रयोग झाला. पिल्लांच्या जोड्या लावल्या. एकाच आईची, सारख्या वजनाची पिल्ले. जोडीतले एक खाईल त्यापेक्षा दुसऱ्याला रोज चतकोर भाग कमी द्यायचा. जन्मभर. बाकी सगळे सारखे. २००२ साली त्याचा निकाल छापून आला. भरपूर खाणारी कुत्री सरासरीने अकरा वर्षे जगली. चतकोर कमी खाणारी तेरा वर्षे. आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.'

आई म्हणाली, 'चतकोर?'

'हो आजी. फक्त चतकोर कमी.'

'आन् किती वरीस जास्ती म्हनलीस?'

'जवळजवळ पावणेदोन वर्षे.'

आईने मोत्याकडे पाहिले. तो टेबलाखाली धापा टाकत पडला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुझा बा त्याला चतकोरच द्यायचा.' एवढेच बोलली. त्या संध्याकाळी वाटीत पुन्हा तुरी दिसल्या.

आता आहार काय ठरला, ते सांगतो. पण हा आमच्या मोत्याचा आहे. तुमच्या कुत्र्याचा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दिवसात मिळून एक भाकरी. दोन उकडलेली अंडी. पन्नास ग्रॅम बिनहाडाची उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, बिनमसाल्याची. आणि वाटीभर शिजवलेला दुधी किंवा गाजर. भाकरीचे २८०, अंड्यांचे १५०, कोंबडीचे ८०, भाजीचे ५०. बेरीज करून बघा, ५६० येते. घरच्या अन्नात काही क्षार आणि जीवनसत्त्वे कुत्र्याला कमी पडतात, त्यासाठी बाईंनी एक भुकटी दिली. दूध बंद. पाणी मात्र हवे तेवढे.

मी विचारले, अंडी-कोंबडी कशाला, नुसती भाकरीच कमी करू. त्या म्हणाल्या, म्हातारपणी कुत्र्याचे मांस झडते. नुसता उपास केला तर चरबीबरोबर मांसही जाईल आणि पाय आणखी लुळे पडतील. म्हणून भाकरी कमी, अंडे जास्त. काही शिकलेले लोक म्हणतात, कुत्रा मांसाहारी प्राणी, त्याला भाकरी पचतच नाही. तेही खरे नाही. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पीठ चांगले पचते, हे शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले आहे. माणसाच्या दाराशी हजारो वर्षे राहून त्याचे पोट आपल्यासारखे झाले. भाकरीत खोट नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाकरीत आहे.

काय द्यायचे नाही, तेही ऐकून ठेवा. कांदा आणि लसूण, शिजवलेला असो की कच्चा. त्याने कुत्र्याचे रक्त नासते. म्हणजे आपली आमटी, रस्सा, कांदाभजी सगळे आले. चॉकलेट नाही. शिजवलेले हाड नाही, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात आणि आतड्यात रुततात. आणि आपल्या तासगाव भागात सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे द्राक्षे आणि बेदाणे. बेदाण्याच्या शेडवर कुत्री पडीक असतात, पोरे त्यांना मूठभर टाकतात. बेदाण्याने कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते. एखाद्याला काही होत नाही, एखादा थोडक्यातच मरतो. कोणता मरेल ते आधी कळत नाही. आमचा मोत्या बागेत लहानाचा मोठा झाला आणि वाचला, हे त्याचे नशीब.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मोत्या ताटलीसमोर बसून आमच्या तोंडाकडे बघायचा. ओरडायचा नाही, नुसता बघायचा. त्या बघण्यापुढे माणूस हरतो. आम्ही तेवढेच अन्न तीन वेळांत वाटले, म्हणजे त्याला वाटावे की तीनदा मिळाले. तो दोन घासांत संपवायचा, म्हणून ताटलीत एक मोठा गुळगुळीत धोंडा ठेवला. गिळता येणार नाही एवढा मोठा, बरं का. धोंड्याभोवती जीभ फिरवत त्याला खायला वेळ लागे. मध्येच मागू लागला तर काकडीचा काप. आणि आईला बाईंनी सांगितले होते, 'आजी, तो मागेल तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवा. निम्म्या वेळा त्याला तेच हवे असते.' आई फिरवायची. निम्म्या वेळा की काय ते ठाऊक नाही, पण काही वेळा तो खरोखरच समाधानाने झोपी जाई.

फरशीवर पाय घसरत होते, म्हणून खाटेपासून दारापर्यंत गोणपाट अंथरले. पायऱ्यांवर फळीचा उतार केला. नखे वाढून वाकडी झाली होती, कारण चाल नव्हती. ती डॉक्टरांकडून कापून घेतली. नखाच्या आत रक्ताची शीर असते, घरी विळीने कापायला जाऊ नका.

आता चालण्याचे. लठ्ठ म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम मैलभर ओढत नेला तर तो दुसऱ्या दिवशी उठत नाही. आम्ही घरापासून मारुतीच्या पारापर्यंत सुरुवात केली. जाऊन-येऊन पाच मिनिटे. दिवसातून तीन वेळा. आठवड्याला दोन मिनिटे वाढवायची. दुसऱ्या सकाळी तो आखडलेला दिसला तर समजायचे, काल जास्त झाले. मग मागे यायचे. उन्हाळ्यात तर फारच जपावे लागते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो अंगातली उष्णता घालवतो, आणि लठ्ठ कुत्र्याला तेही पुरत नाही. म्हणून सूर्य उगवायच्या आत किंवा दिवेलागणीला. डांबरी रस्त्यावर आपला उलटा हात टेकवून बघावा. आपल्याला चटका बसतो, तर त्याच्या पायालाही बसतो.

त्याला न्यायचे कोणी? मी नेऊ लागलो. पण तो पाराशी जाऊन परत फिरायचा आणि आईच्या खाटेकडे ओढायचा. चारपाच दिवस असे झाल्यावर आई म्हणाली, 'थांब, मी येते.' काठी घेतली आणि निघाली. दीड वर्षाने ती उंबऱ्याबाहेर पडली होती, फक्त दवाखान्याला गेली तेवढी सोडून. पुढे मोत्या, मागे आई, आणि दोघांच्या मागे मी. दोघेही सारख्याच चालीने. गल्लीतल्या बायका दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

दर रविवारी सकाळी धान्याच्या दुकानात वजन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा. बाईंनी सांगितले होते, आठवड्याला दोनशे ग्रॅमपर्यंत उतरले तर ठीक, त्याहून भराभर नको. आमचे काही तितके उतरले नाही. २०२३ च्या जानेवारीअखेर २१ किलो ३०० ग्रॅम. मार्चअखेर २०. एप्रिलमध्ये साडेएकोणीस झाले आणि तिथेच अडकले. एक आठवडा, दोन, तीन. वाटीत दाणे बरोबर पडत होते. मग वजन का उतरेना? वेबिल जुळते आणि गाडी तर तोट्यात!

चौथ्या आठवड्यात चोरी सापडली. अंग हलके झाल्याने मोत्याला आता चालता येत होते, आणि चालता येते म्हणून तो दुपारी सगळे झोपले की एकटाच कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलापर्यंत जात होता. तिथे त्याला पाव मिळे, खारी मिळे, भजी मिळत. म्हणजे आमच्याच कष्टाने तो तिथवर पोहोचला होता! मी हॉटेलवाल्याला हात जोडले, कांद्याचे सांगितले. तो बिचारा घाबरला. त्याला काय कल्पना? मग सूनबाई रोज सकाळी काकडीचे काप डब्यात भरून त्याच्याकडे ठेवू लागली. मोत्याने पहिल्या दिवशी काकडी हुंगली आणि हॉटेलवाल्याकडे असे काही बघितले, म्हणतात, की गिऱ्हाइके हसून हसून बेजार झाली.

तिथून पुढे वजन पुन्हा उतरू लागले. जूनमध्ये १८ किलो ६००. ऑक्टोबरात १७ भरले. मी म्हटले, आणखी एक किलो उतरवू, सोळाचा आकडा गाठू. बाईंनी बरगड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, 'काका, बास. म्हातारा आहे. सतरा चांगले.' मग आहार जरासा वाढवला. म्हणजे अर्धी भाकरी जास्त, एवढेच. वजन उतरले म्हणून जुने खाणे चालू केले तर सहा महिन्यांत पुन्हा पिंप होते.

संधिवात गेला नाही. तो जात नाही. थंडीत मोत्या अजूनही उठताना कण्हतो. पण पायऱ्या चढतो, उतरतो. गोळी निम्म्यावर आली, तीही बाईंनीच केली, मी माझ्या डोक्याने नाही. रात्री कोणी फाटकाशी आले तर उठून भुंकतो. मधली दीड वर्षे तो भुंकायचाच बंद झाला होता, हे आम्हांला तो पुन्हा भुंकू लागल्यावर कळले.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. २०२३ चीच. पहाटे नेहमीप्रमाणे निघालो. पारावरून परत फिरायच्या ऐवजी मोत्या मळ्याच्या वाटेला लागला. मी त्याला हाक मारली. आई म्हणाली, 'जाऊ दे त्याला. बघू कुठवर जातोय.' तो जात राहिला. मधे दोनदा बसला, पुन्हा उठला. आईही दोनदा बसली. तासभर लागला असेल आम्हांला त्या दीड किलोमीटरला. वडील गेल्यापासून आई मळ्यात आली नव्हती. बांधावर, वडील बसायचे त्याच दगडापाशी मोत्या जाऊन बसला. आई त्याच्याशेजारी टेकली. बागेकडे बघत राहिली. वाटेकऱ्याने छाटणी बरी केलेली नाही, असे म्हणाली. मग कनवटीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. निघताना तिने ती कधी घेतली होती, मला ठाऊक नाही. चतकोर मोडला आणि मोत्यापुढे धरला.

परत येताना मात्र त्या दोघांना वाटेकऱ्याच्या बैलगाडीत बसवून आणले. एकाच दिवसात तीन किलोमीटर दोघांनाही झेपले नसते.

घरी आल्याबरोबर आई स्वयंपाकघरात गेली. वाटीत दाणा पडल्याचा आवाज आला. मी म्हटले, 'आई, आजचा राहू दे की.' ती आतूनच म्हणाली, 'हिशेब म्हंजी हिशेब.'

बोलणे बरेच लांबले. ज्यांना आपल्या कुत्र्याचे वजन करायचे आहे, त्यांच्यासाठी मी धान्याच्या दुकानदाराशी बोलून ठेवले आहे. रविवारी सकाळी आठच्या आत या, गर्दी नसते. कुत्रे मात्र स्वतः उचलून धरायचे, आणि आधी आपले एकट्याचे वजन करून घ्यायला विसरू नका. मी तिथे असतोच.